पहिल्या वळणानंतर

सिग्नल हिरवा झालाय हे मला मागच्या हॉर्ननं सांगितलं. आधी एकदाच वाजला, दबकत, कारण आमच्या शहरात माझ्या मागे उभं राहून हॉर्न वाजवायची वेळ आजवर कुणावर आलेली नव्हती. मग दुसऱ्यांदा जरा ठासून. मी घाईनं क्लच सोडला, गाडी आचका देऊन बंद पडली, आणि तेवढ्यात मागची टॅक्सी माझ्या शेजारी येऊन थांबली. एडमुंड. पोस्टासमोरच्या अड्ड्यावरचा एडमुंड, गेली वीस वर्षं दुसऱ्या वळणाच्या स्टँडात सूर्यफुलाच्या बिया फोडत मला बघणारा. त्यानं काच खाली केली, माझ्या शेजारी बसलेल्या बायकोला, बोग्नाला, मान लववून नमस्कार केला आणि मला म्हणाला, "काय टेपराव, टेप केव्हाच वर गेली की." आणि हसला. मीही हसलो. टेपराव हे माझं गावातलं नाव, मी मिरवतो ते. सप्टेंबरचा शेवटचा रविवार होता, आम्ही चर्चमधल्या दहाच्या मिस्सेहून परत चाललो होतो, दुपारी चारला मोसमातला शेवटचा सामना होता आणि एडमुंडची टॅक्सी कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली तरी मी गाडी सुरू केली नव्हती. बोग्ना अशा वेळी बोलत नाही, हातमोज्यांचं बटण लावते आणि काढते. किती वेळ हिरवा होता, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, असेल तीनेक सेकंद, त्यात काय एवढं.

तीन सेकंद म्हणजे काय हे मला विचारा. आमच्या धंद्यात, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतीत, चार गाड्या, दोन आमच्या दोन पाहुण्यांच्या, रेघेवर उभ्या राहतात, समोर आडवी टेप, ती वर गेली की चार फेऱ्या, आणि सगळा मामला एका मिनिटात आटोपतो. गाडीला ब्रेक नाही, गिअर एकच, वळायचं फक्त डावीकडे. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला माती. टेप वर गेल्यापासून तीन सेकंदांत मी पहिल्या वळणात आतली बाजू धरून बसलेला असतो आणि बाकीचे तिघं माझ्या मागच्या चाकाची माती खात असतात. हे मी बढाई म्हणून सांगत नाही; बढाई मारायची तर माझ्याकडे दुसरंही बरंच काही आहे. मी या देशातला सगळ्यात चपळ सुटणारा माणूस होतो, निदान सहा मोसम तरी नक्कीच, आणि बेचाळिसाव्या वर्षीही पहिल्या पाचात माझं नाव घेतात. पोरं माझ्या सुटण्याच्या चित्रफिती हळू करून बघतात आणि माझा डावा अंगठा कुठे असतो यावर वाद घालतात. अंगठ्यात काही नाही. खरं काय ते आता सांगायला हरकत नाही: गेली पाच-सहा वर्षं मी टेप बघतच नव्हतो. मी पंच वाचत होतो. टेप सोडणारं बटण वर मनोऱ्यात बसलेल्या पंचाच्या बोटाखाली असतं, आणि प्रत्येक बोटाची आपली एक सवय असते. सायलेशियाकडचा तो टकल्या पंच चौघं स्थिर झाले की एक श्वास घेतो, अर्धा सोडतो आणि दाबतो. एक जण आहे तो घाईचा, त्याला घरी जायचं असतं. एक म्हातारा इतका ताणतो की क्लच धरून बोटं बधिर होतात, पण ताणायचंसुद्धा त्याचं माप ठरलेलं. अशी सगळी मापं माझ्या अंगात होती. लोकांना वाटायचं, काय नजर आहे. नजरेचा काही संबंध नव्हता. आणि त्या दुपारची पंच एक बाई होती, समुद्राकडची, आमच्या स्टेडियमवर पहिल्यांदाच येणारी, जिचं बोट मला ठाऊक नव्हतं.

हे सगळं मला सिग्नलवर सुचलं असं नाही. सिग्नलवर मी फक्त सेकंद मोजत राहिलो. घरी येऊन कोट काढला, टेबलावर बसलो, बोग्नानं कोंबडीचं सूप वाढलं, सामन्याच्या दिवशी मी तेवढंच खातो, शेवया घातलेलं, वरून थोडी अजमोद, आणि चमचा उचलताना माझ्या डोक्यात आलं की नजरेचा संबंध नव्हता, तर मग नजर कधी गेली? गेल्या वर्षी? त्याच्या आधी? पायरी उतरताना ती तिथे नाही हे पाय खाली गेल्यावरच कळतं, तसं. बोग्नानं कोठीतून आंबवलेल्या काकड्यांची बरणी आणायला सांगितली. कोठीत खालच्या फळीवर बरण्या, त्यांच्या मागे बुटांचा एक मोठा खोका, आणि त्या खोक्यात सगळे कार्यक्रम. इथे सामन्याला येणारा प्रत्येक माणूस दारात छापील कार्यक्रम विकत घेतो आणि पेन्सिलीनं भरतो. पंधरा शर्यतींचे तक्ते, कोण कुठल्या जागेवरून, कुणाला किती गुण. आजीबाईसुद्धा भरतात, पाद्रीसुद्धा भरतो, न भरणारा माणूस आमच्याकडे संशयित. बोग्ना लग्नाच्या आधीपासून भरते, एकोणीस वर्षं, आणि एकही फेकलेला नाही. मी त्यात कधी पाहिलं नव्हतं. माझे गुण मला पाठ असतात, दुसऱ्याच्या अक्षरात कशाला बघायचे. पण त्या दिवशी बरणी एका हातात धरून मी उकिडवा बसलो आणि वरचा कार्यक्रम उघडला. मला फक्त बघायचं होतं की सुटणं कधीपासून बिघडलं.

गुणांचे आकडे रकान्यात होतेच. पण माझ्या नावाच्या प्रत्येक ओळीला, समासात, तिनं आणखी दोन बारीक आकडे लिहिले होते. एक–एक. एक–एक. तीन–तीन. एक–एक. मला आधी उलगडेना. मग एक शर्यत आठवली, मे महिन्यातली, पाऊस पडून गेलेला, मी सुटताना घसरलो आणि शेवटी राहिलो, तिच्यासमोर चार–चार. पहिला आकडा पहिल्या वळणातून बाहेर पडताना मी कितवा होतो त्याचा, दुसरा शेवटी कितवा आलो त्याचा. मी आणखी एक उघडला. मग खालचे. मग अगदी तळातले, पिवळे पडलेले, जेव्हा तिचं अक्षर अजून शाळकरी होतं. एक–एक, दोन–दोन, चार–चार. काही ठिकाणी एक–दोन होतं, म्हणजे मला कुणी मागून येऊन गाठलेलं. पण चार–तीन कुठेच नव्हतं. तीन–दोन नव्हतं. दोन–एक नव्हतं. एकोणीस वर्षांत, शेकड्यांनी शर्यतींत, पहिल्या वळणानंतर मी एकाही माणसाला मागे टाकलेलं नव्हतं. सूप गार होतंय, असं बोग्ना स्वयंपाकघरातून म्हणाली. मी खोका पुन्हा बरण्यांच्या मागे सरकवला आणि काकड्या घेऊन गेलो. तिच्या तोंडाकडे बघवेना. रागच आला मला, खरं सांगतो. नवऱ्याच्या अंगावरचा एखादा डाग एकोणीस वर्षं बघायचा, रोज पेन्सिलीनं गिरवायचा, आणि शेवया वाढताना अवाक्षर काढायचं नाही, ही काय रीत झाली?

पण तिच्यावर रागावून कितीसं रागावणार. मला ठाऊक होतं. आपल्याला जे ठाऊक असतं ते आपण इतकं नीट घडी घालून ठेवतो की पुन्हा लागतच नाही. बाविसाव्या वर्षी मी सुटणारा नव्हतो. तेव्हा मी कठड्याचा माणूस होतो, बाहेरून, अगदी कडेकडेनं, जिथे चाकांनी फेकलेली मोकळी माती साचते आणि टायरला पकड देते. शेवटून सुटायचो आणि तिघांना बाहेरून वळसा घालून पहिला यायचो, आणि लोक उभे राहायचे. लोक बसून बघतात तेव्हा पैसे वसूल होतात, उभे राहतात तेव्हा प्रेम बसतं, असं माझा तेव्हाचा ट्रेनर म्हणायचा. मग शेजारच्या गावी एका सामन्यात, तिसऱ्या फेरीला, मी एकाच्या बाहेरून चाललो होतो आणि त्याचं मागचं चाक एक हात जास्त बाहेर आलं. तेव्हा कठड्याला हवेच्या गाद्या नव्हत्या, फळ्या होत्या, आणि फळ्यांवर एका मांसवाल्या कारखान्याची जाहिरात रंगवलेली. मला त्यातलं एकच अक्षर दिसलं, लाल, माणसाएवढं उंच, आणि ते माझ्याकडे येत होतं. मी त्याच्याकडे जात होतो असं मला वाटलं नाही. मांडीचं हाड तीन ठिकाणी, सात महिने पलंग. आजही त्या कारखान्याचा सॉसेज आमच्या घरात येत नाही. बोग्नाला वाटतं मला त्यातला लसूण आवडत नाही. आणि सात महिन्यांनी मी परत आलो तो सुटायला शिकून आलो. वर्तमानपत्रांनी लिहिलं, अपघातानं त्याला शहाणं केलं. मीही तेच सांगत आलो. एका मुलाखतीत तर मी म्हणालो, बाहेरून जाणं हे हुल्लडबाजांचं काम, खरा खेळाडू शर्यत सुटतानाच संपवतो. काय रुबाबात म्हणालो होतो. पहिला सुटलो की कठड्याजवळ जावं लागत नाही, एवढंच होतं ते. माझं सगळं नाव, फलक, घर, टेपराव, सगळं एका भीतीवर उभं होतं, आणि ती भीतीच आता म्हातारी होऊन मला सोडून चालली होती. सुटणं गेलं तर माझ्याजवळ काय उरतं, हा प्रश्न मी सूप पिता पिता स्वतःला विचारला आणि दुसऱ्यांदा शेवया घेतल्या.

स्टेडियममध्ये गेलं की मात्र माझं अंग आपोआप ताठ होतं. मेथॅनॉल इंधनाचा तो गोडसर वास, ट्रॅक्टर मागे लोखंडी दात लावून माती सारखी करतोय, पाण्याची गाडी फिरतेय, आणि माझा मेकॅनिक लुद्विक पेटीवर बसून वळताना जमिनीवर टेकायचा डाव्या बुटाखालचा पोलादी तळवा फडक्यानं पुसतोय. लुद्विक पंधरा वर्षं माझ्याकडे आहे, माझ्याहून दहानं मोठा, आणि दिवसाला वीस शब्द बोलतो. त्यातले चार ठरलेले असतात. तो ट्रॅक चालून येतो आणि म्हणतो, बाहेर माती साचेल बरं. मी म्हणतो, हं. पंधरा वर्षं तो सांगतो आणि पंधरा वर्षं मी हं म्हणतो. त्या दिवशीही तो म्हणाला आणि मी हं म्हणायला तोंड उघडलं, पण म्हणालो नाही. त्यानं फडकं थांबवलं, वर बघितलं आणि पुन्हा पुसायला लागला.

हिशेब सोपा होता. आम्ही आणि पाहुणे, दोघंही तळाला, बरोबरीत. जिंकेल तो वरच्या लीगमध्ये राहील, हरेल तो खाली. सामनाच बरोबरीत सुटला तरी मोसमातल्या एकूण गुणांवर पाहुणे वाचणार होते. खाली जाणं म्हणजे काय हे आमच्या शहराला कुणी सांगायला नको. काचेचा कारखाना बंद झाल्यापासून आमच्याकडे बाहेरच्या कुणी यावं असं दुसरं काही नाही. पहिली शर्यत मी जिंकली. त्या बाईंचं बोट मला ठाऊक नव्हतं, मी टकल्याचं माप लावलं आणि ते बसलं. लोकांनी "टेपराव, टेपराव" केलं, मी हात उंचावला, सकाळचं सगळं धुऊन गेलं. पाचव्या शर्यतीला मी पुन्हा टकल्याचं माप लावलं. एक श्वास, अर्धा सोडला, क्लच सोडला, आणि टेप जागेवरच. मी कशीबशी गाडी आवरली, पुढचं चाक टेपला लागता लागता राहिलं. लाल दिवा. लाउडस्पीकरवरून माझं नाव आणि ताकीद. दुसरी ताकीद म्हणजे त्या शर्यतीतून बाद, हे सगळ्यांना माहीत असतं. पुन्हा उभे राहिलो आणि या खेपेला मी खरोखर टेप बघितली, कित्येक वर्षांनी. पांढरी, मध्ये जराशी सैल, वाऱ्यानं थरथरणारी. मी ती थरथर बघत राहिलो आणि बाकीचे तिघं गेले. शेवटचा आलो. चार–चार, माझ्या मनात पेन्सिल फिरली. त्यानंतरच्या दोन शर्यतींत आतली जागा होती म्हणून एकदा दुसरा, एकदा तिसरा. पहिल्या वळणातून जितवा निघालो तितवाच आलो, हे वेगळं सांगायला नको.

चौदा शर्यती झाल्या तेव्हा पाहुणे त्रेचाळीस, आम्ही एक्केचाळीस. शेवटच्या शर्यतीत आमच्या दोघांनी पहिला आणि दुसरा यायलाच हवं होतं, त्याहून कमी काहीही चालणार नव्हतं. ट्रेनर हिएरोनिम माझ्यापाशी आला. जाडजूड माणूस, घाम आला की टोपी काढतो आणि पुन्हा घालतो. तिमॉन जाणार हे नक्की होतं. तिमॉन चोवीस वर्षांचा, त्या दिवशी झकास चालत होता, आणि मला मनातून जरा आजोबाच समजायचा. दुसरा कोण, हा प्रश्न होता. हिएरोनिमनं टोपी काढली, घातली, आणि म्हणाला की एक ताकीद आहे तुझ्यावर, तू नाही म्हणालास तर कुणी तुला नावं ठेवणार नाही, तुझ्या जागी दुसरा आहे. किती मऊ बोलत होता. आजारी माणसाच्या पलंगाशेजारी बोलतात तसा. मला वाटलं, याच्या घरीही एखादा खोका असणार.

"मी जातो," मी म्हणालो. "पण आतली जागा तिमॉनला द्या. मी चौथ्यावरून सुटतो."

चौथी जागा म्हणजे सगळ्यात बाहेरची, कठड्याच्या बाजूची. माझ्यासारखा मोठा खेळाडू आपणहून ती कधी घेत नाही. हिएरोनिम माझ्याकडे बघत राहिला, वेडबिड लागलंय का अशा नजरेनं, मग तिमॉनकडे गेला. मी असं का म्हणालो? धाडस म्हणून नाही. मी सरळ हिशेब केला: मी उशिरा सुटणार हे नक्की, तर आत उशिरा सुटून तिमॉनची वाट तरी अडवू नये. नंतर लोकांनी याचं खूप काही केलं, पण त्या क्षणी ते एवढंच होतं. मग मी लुद्विककडे गेलो. मागच्या चाकाच्या दातेरी चक्राला एक दात जास्त असला की गाडी सुटताना उसळते आणि पुढे दमते. एक कमी असला की सुटताना जड, पण बाहेरून लांबच्या वाटेनं पळत राहते. पंधरा वर्षं लुद्विक माझ्यासाठी जास्तीचा दात लावत आलाय. मी म्हणालो, "एक दात कमी कर." लुद्विकनं पेटीच्या तळातून तेलकट कागदात गुंडाळलेलं एक चक्र काढलं, कोरं, एकदाही न लावलेलं, आणि बसवायला लागला. ते त्यानं कधीपासून बाळगलं होतं देव जाणे. आवळलेले बोल्ट त्यानं पुन्हा एकदा आवळून बघितले, आणि मला पहिल्यांदाच भीती वाटली, साधी, उघडी भीती, लाल अक्षरासकट. ती वाटली म्हणून बरं वाटलं, हे कसं सांगू. एवढी वर्षं ती माझ्यात होती आणि मी तिला ओळख दिली नव्हती.

रेघेवर आलो. डाव्या हाताला तिमॉनचं लाल शिरस्त्राण, मध्ये दोन पाहुणे, पांढरा आणि पिवळा, आणि उजवीकडे माझा मी. निळं शिरस्त्राण, हातात क्लच, इंजिन छातीत. हिरवा दिवा लागला. या खेपेला तो मला दिसला. मनोऱ्यातल्या बाईंचं बोट मी वाचायचा प्रयत्न केला नाही. म्हटलं, बाई, तुम्हाला हवं तेव्हा दाबा, मला कुठे जायचंय. टेप गेली. मी गेलो. उशीर झालाच, पाऊण गाडीचा, आणि जड चक्रानं त्यात आणखी भर घातली. पहिल्या वळणात तिमॉन पहिला, त्याच्यामागे पांढरा, मग पिवळा, मग मी, आणि समोरून मातीचा असा मारा की चष्म्यावर एकावर एक चिकटवलेल्या पारदर्शक पापुद्र्यांपैकी पहिला लगेच ओढून टाकावा लागला. पापुद्रा गेला, सगळं लख्ख दिसलं. आत तिघांच्या चाकांनी ट्रॅक घासून गुळगुळीत झालेला. बाहेर, गाद्यांच्या बुडाशी, गडद, ओलसर, वीतभर माती. कुणी तिकडे जात नव्हतं. माझा उजवा हात मला न विचारता घट्ट झाला, आणि डाव्या पायाचा तळवा जमिनीवर ठिणग्या काढत असताना मी बाहेर गेलो.

तिथे आवाज वेगळा असतो, हे मी विसरलो होतो. कठड्यावर आपटून आपलंच इंजिन आपल्याला परत ऐकू येतं, जणू उजवीकडून आणखी एक जण चाललाय. बावीस वर्षांचा तो असावा, असं माझ्या मनात आलं, आणि मग मनात यायला वेळ राहिला नाही. दुसऱ्या फेरीत पिवळा मागे गेला. त्याला मी दिसलोच नाही, तो डावीकडे बघत होता, नेहमी आतली बाजू धरणाऱ्या टेपरावाला शोधत. पांढरा शहाणा होता. तिसऱ्या फेरीला मला बाहेर ऐकून त्यानं मुद्दाम मागचं चाक बाहेर टाकलं, तेच, तसंच, एक हात जास्त. आणि मी हात सैल केला नाही. फुगीर गादी माझ्या कोपराला घासून गेली, जाहिरात होती तिच्यावर, कशाची ते मला ठाऊक नाही, अक्षरं वाचली नाहीत. शेवटच्या वळणात तो आतून, मी बाहेरून, सरळ पट्टीला दोघं बरोबर आलो, आणि त्याचं इंजिन दमलं. माझं दमलं नाही. लुद्विकच्या तेलकट कागदातला तो दात होता ना. पुढे तिमॉन हात उंचावून रेघ ओलांडत होता, आणि त्याच्यामागे मी, अर्ध्या चाकानं. सेहेचाळीस–चव्वेचाळीस. सारं स्टेडियम उभं होतं.

मग जे होतं ते झालं. हवेत उडवणं, झेलणं, कुणाचं तरी कोपर माझ्या दातावर, हिएरोनिमची टोपी कुणीतरी पळवलेली, तिमॉन माझ्या गळ्यात पडून रडतोय आणि आजोबा नाही, माझ्या नावानं झेनेक म्हणतोय. एडमुंड जाळीपलीकडून ओरडत होता की सकाळचा हॉर्न मी परत घेतो. लुद्विक पेटीवर बसून तळवा पुसत होता. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला की बाहेर माती होती ना. मी म्हणालो, होती. मला पुढच्या मोसमाचं विचारायला दोन वार्ताहर आले, त्यांना सांगितलं, पुढच्या वर्षीही आहे, आणि आता मला कुठूनही सुटवा. खोटं बोललो नाही. मातीनं माखलेला तसाच मी दुसऱ्या वळणाच्या स्टँडाकडे चालत गेलो, चौदावी रांग, नेहमीची जागा. बहुतेक लोक उठून गेले होते, पायाखाली सूर्यफुलाच्या टरफलांचा खच. बोग्ना बसलेलीच होती. मांडीवर कार्यक्रम उघडा, डोळे लाल, नाक लाल, आणि माझ्याकडे न बघता कागदाकडे बघतेय. मी शेजारी बसलो. मी म्हणालो, दाखव. तिनं आधी कागदावर हात ठेवला, मग काढला.

पंधराव्या शर्यतीसमोर, समासात, तिच्या बारीक अक्षरात चार–चार लिहिलं होतं. दोन्ही आकडे, स्पष्ट. शर्यत पहिल्या वळणातून बाहेर पडत होती तेव्हाच लिहून टाकलं होतं तिनं, दुसरा आकडासुद्धा. एकोणीस वर्षांच्या सवयीनं.

"खोड ना मग," मी म्हणालो.

बोग्नानं पेन्सिल उलटी करून माझ्यासमोर धरली. मागचं टोक नुसतं लाकडाचं होतं. ती हसत होती की रडत होती ते मला अजून सांगता येणार नाही.

"खोडरबर नाहीये, झेनू," ती म्हणाली. "कधी लागलाच नाही."